मास्कमागचा मुलगा

२८ जून १९०७. न्यू यॉर्क हायलँडर्स, म्हणजे आजचे यांकीज, वॉशिंग्टनशी खेळत होते. न्यू यॉर्कचा कॅचर होता ब्रँच रिकी. वय पंचवीस, खांदा दुखावलेला. वॉशिंग्टनच्या खेळाडूंना ते कळायला वेळ लागला नाही. पिचर चेंडू टाकतो तेव्हाच पुढच्या बेसकडे पळत सुटायचं आणि कॅचरचा थ्रो पोचायच्या आत तिथे पोचायचं, याला बेसबॉलमध्ये बेस चोरणं म्हणतात. त्या दिवशी वॉशिंग्टनने रिकीच्या डोळ्यांदेखत तेरा बेस चोरले. आधुनिक बेसबॉलमध्ये एका सामन्यात एका कॅचरची इतकी लूट आजवर कोणी केलेली नाही. रिकीची खेळाडू म्हणून कारकीर्द तिथेच जवळपास संपली.

आणि हाच रिकी पुढे अमेरिकन बेसबॉलमधला सर्वांत मोठा पारखी मानला गेला. कोवळी पोरं स्वस्तात करारबद्ध करायची, त्यांना छोट्या गावांतल्या छोट्या संघांत वाढवायचं आणि तयार झाली की वर आणायचं, ही ‘फार्म सिस्टिम’ त्याने सेंट लुईस कार्डिनल्ससाठी १९२०च्या दशकात उभी केली. पिकाची उपमा त्या नावातच आहे. आज प्रत्येक मोठ्या संघाखाली असलेली मायनर लीगची उतरंड ही त्याच पद्धतीची वाढ. १९४५ साली जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडायला सुरुवात केली ती याच माणसाने.

मला रिकीची आठवण येते ती एका साध्या प्रश्नामुळे. मायनर लीगमध्ये खेळणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या कॅचरकडे बघून तो पुढे मोठा होईल की नाही, हे ओळखायचं कसं? पिचरचा वेग मोजता येतो. धावणाऱ्याचे सेकंद मोजता येतात. कॅचरच्या बाबतीत मात्र शंभरहून जास्त वर्षं हुशार माणसं पट्टी हातात घेऊन उभी आहेत आणि पुनःपुन्हा चुकत आहेत. १९०७च्या त्या दुपारी रिकीला पाहणाऱ्याने त्याला शून्य गुण दिले असते. खांद्यापुरते ते बरोबरच होते. रिकीचं डोकं मोजायची सोय मात्र तेव्हा नव्हती.

उकिडवं बसण्याचं काम

क्रिकेटवाल्यांसाठी थोडं सांगतो. कॅचर म्हणजे विकेटकीपर, ही तुलना सुरुवातीला उपयोगी पडते आणि मग लवकरच अपुरी पडते. मी कॉलेजात दोन वर्षं यष्ट्यांमागे उभा राहिलो आहे, त्यामुळे गुडघ्यांचं दुखणं मला ठाऊक आहे. पण कीपरकडे येणारा बराचसा चेंडू फलंदाज मध्येच अडवतो. शिवाय कोणता चेंडू टाकायचा हे गोलंदाज ठरवतो.

कॅचर एका सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा उकिडवा बसतो. साडेसाठ फुटांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू पकडतो. वळणारा, बुडणारा, टप्पा पडून उसळणारा, सगळे चेंडू. कुठला चेंडू टाकायचा याची सूचना बहुतेक वेळा तोच देतो. समोरचा बॅटर मागच्या वेळी कशाला फसला, आज आपल्या पिचरच्या हातात काय चाललंय, अंपायर कुठपर्यंत उदार आहे, हे सगळं त्याने ध्यानात ठेवायचं. मैदानावरच्या नऊ जणांत एकटा तोच बाकी आठ जणांकडे तोंड करून बसतो. मोठ्या लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. एवढं करून त्याला इतरांसारखी बॅटिंगही करायची असते, त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर आणि चेंडू लागून सुजलेल्या बोटांनी.

मायनर लीगच्या पायऱ्या चढत जायचं म्हणजे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग. आपल्याकडचा खेळाडू क्लब, जिल्हा, रणजी असा वर जातो, पण इथे एक मोठा फरक आहे. मायनर लीगमधला मुलगा खालच्या संघाचा नसतोच. त्याचा करार वरच्या मोठ्या संघाशी असतो आणि त्याला कुठल्या गावी, कधी, किती दिवस ठेवायचं हे तोच संघ ठरवतो. खालच्या संघाने सामना जिंकला की हरला, हे वरच्यांना फारसं महत्त्वाचं नसतं. तो मुलगा वाढतोय का, एवढंच ते बघतात. म्हणजे रोजचा सामना ही त्याच्यासाठी रोजची परीक्षा असते आणि निकाल लावणारे प्रेक्षकांत बसलेले असतात.

डोळ्यांची पट्टी

हे निकाल लावणारे म्हणजे स्काउट. मळकी टोपी, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. खेळाडूच्या प्रत्येक गुणाला ते २० ते ८० यांमधला आकडा देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण, ८० म्हणजे पिढीतून एखादाच. या मापाचं श्रेयही बरेच जण रिकीलाच देतात.

कॅचरसाठी स्टॉपवॉचवरचा मुख्य आकडा म्हणजे ‘पॉप टाइम’. चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये आपटल्याचा आवाज, मग दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये आपटल्याचा आवाज, आणि या दोहोंतला वेळ. अंतर १२७ फुटांहून थोडं जास्त. दोन सेकंद म्हणजे ठीक, १.९ म्हणजे उत्तम. स्काउटांना हा आकडा फार आवडतो, कारण तो खरा असतो, लगेच मिळतो आणि त्यावर वाद घालता येत नाही. अडचण एवढीच, की बेस चोरायचा प्रयत्न सामन्यात मोजक्या वेळा होतो. दीडशे वेळा होणारी गोष्ट सोडून मोजक्या वेळा होणाऱ्या गोष्टीवर कॅचरची किंमत ठरत होती, कारण ती घड्याळात मावत होती.

दुसरी पट्टी शरीराची. सेंट लुईसच्या ‘द हिल’ या इटालियन वस्तीत एलिझाबेथ अॅव्हेन्यूवर समोरासमोर दोन मुलं राहत. दोघेही कॅचर. १९४२च्या सुमारास दोघे कार्डिनल्सच्या चाचणीला गेले. तिथे निर्णय घेणारा होता रिकी. जो गॅराजिओलाला ५०० डॉलर देऊ केले गेले. दुसरा बुटका, जाडसर, जरा बेंगरूळ. त्याला त्याहून कमी. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की जोला जेवढे दिले तेवढे मलाही द्या. ते मिळाले नाहीत म्हणून त्याने नकार दिला. काही महिन्यांत यांकीजने त्याला तेच ५०० डॉलर दिले.

तो योगी बेरा. खेळाडू म्हणून दहा वेळा वर्ल्ड सिरीज जिंकणारा, तीनदा अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरलेला. रिकीच्या बाजूने असंही सांगतात, की तो तेव्हा ब्रुकलिनला जायच्या तयारीत होता आणि योगीला नंतर तिकडे न्यायचा त्याचा बेत होता. असेलही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. योगी यांकीजमध्ये आला तेव्हा कॅचर म्हणून कच्चाच होता. १९४९ साली संघाने आपला जुना महान कॅचर बिल डिकी याला त्याला शिकवण्यासाठी मुद्दाम आणलं. म्हणजे १९४२मध्ये रिकीला जो दिसला तो पुढचा योगी नव्हताच. तो अजून घडायचा होता.

उलट उदाहरणही आहे. १९६६च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या निवडीचा मान न्यू यॉर्क मेट्सला होता. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची पाळीपाळीने वाटणी. देशातला कोणताही मुलगा त्यांना घेता आला असता. त्यांनी कॅलिफोर्नियातला शाळकरी कॅचर स्टीव्ह चिलकॉट निवडला. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने रेजी जॅक्सन घेतला, जो पुढे ५६३ होमरन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. चिलकॉट १९६७ साली बेसवर परतताना सूर मारायला गेला आणि त्याचा थ्रोचा खांदा दुखावला. तो पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. मेजर लीगमध्ये एकही सामना न खेळता १९७२ साली त्याने खेळ सोडला.

चिलकॉटचं नाव आजही ‘सर्वांत वाईट निवडी’च्या याद्यांत येतं. मला ते अन्यायाचं वाटतं. स्काउटांनी पाहिलेला खांदा खरा होता. अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर संघाचं भवितव्य ठेवायचं, तर तो खांदा टिकेल हेही गृहीत धरावं लागतं, आणि त्यासाठी कुठलंच घड्याळ नाही.

ज्यांना कोणी मोजलंच नाही

इथवर चुकलेल्या मोजमापांबद्दल बोललो. पण बेसबॉलच्या इतिहासात काहींच्या बाबतीत पट्टी खिशातून बाहेरच काढली गेली नाही.

जॉश गिब्सन हा कॅचर १९३०पासून कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीग्समध्ये खेळत होता. त्याला मेजर लीगचं दार कधीच उघडलं नाही. २० जानेवारी १९४७ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानावर उतरला. २०२४ साली मेजर लीगने निग्रो लीग्सची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतली आणि गिब्सनची .३७२ ही कारकिर्दीची बॅटिंग सरासरी सर्वकालीन यादीत पहिल्या क्रमांकावर आली. निकाल आला तेव्हा परीक्षार्थी जाऊन सत्त्याहत्तर वर्षं झाली होती.

रॉय कॅम्पानेला थोडा नशीबवान. पंधरा-सोळा वर्षांचा असल्यापासून तो निग्रो लीगमध्ये खेळत होता. १९४६ साली, चोविसाव्या वर्षी, रिकीने त्याला डॉजर्सच्या न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआ या मायनर लीग संघात पाठवलं. तिथल्या एका सामन्यात अंपायरने नॅशुआच्या मॅनेजरला, वॉल्टर ऑल्स्टनला, मैदानाबाहेर काढलं. जाताना ऑल्स्टनने संघ कॅम्पानेलाच्या हाती सोपवला. त्याने मोक्याच्या क्षणी डॉन न्यूकम या पिचरला बॅटिंगला पाठवलं आणि न्यूकमने होमरन मारला. ज्या मैदानांवर वर्षभरापूर्वी कॅम्पानेलाला खेळायचीच बंदी होती, तिथे गोरे खेळाडू त्याच्या हुकमाखाली खेळले.

ऑल्स्टनने पॉप टाइम पाहून संघ सोपवला नव्हता. त्याने रोज डगआउटमध्ये बसून जे पाहिलं होतं त्यावर विसंबून सोपवला. कॅम्पानेला पुढे तीनदा नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

१३९०वं नाव

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे येतो. १९८८चा ड्राफ्ट. संघांनी एकामागून एक नावं पुकारली आणि बासष्टाव्या फेरीत, १३९०व्या क्रमांकावर, डॉजर्सने माइक पियाझाचं नाव घेतलं. तो पेनसिल्व्हेनियाचा, कॉलेजात पहिल्या बेसवर खेळणारा, पायाने जड. त्याचे वडील आणि डॉजर्सचा मॅनेजर टॉमी लासोर्डा एकाच गावचे, जुने मित्र. ही निवड म्हणजे उघड उघड मैत्रीखात्यातला उपकार होता.

पियाझाला कॅचर करावं हीदेखील लासोर्डाचीच कल्पना. पहिल्या बेसवर संथ खेळाडूंची गर्दी होती, कॅचरच्या जागी बॅटिंग येणारी माणसं दुर्मीळ. मग पियाझा डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या डॉजर्सच्या अकादमीत गेला. आजूबाजूला सगळे स्पॅनिश बोलणारे, त्याच्याहून लहान, त्याच्याहून चपळ. तिथे तो विशीत उकिडवं बसायला शिकला. मायनर लीगमध्ये तीन-चार वर्षं काढली. १९९१मध्ये बेकर्सफील्डला २९ होमरन मारले तेव्हा कुठे लोकांनी वळून पाहिलं. १९९३ साली तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. कारकिर्दीत ४२७ होमरन, त्यांतले ३९६ कॅचर म्हणून खेळताना, आणि हा कॅचरांमधला विक्रम आहे. २०१६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

वशिल्याने आत आलेला मुलगा, असं म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. पण वशिल्याने काय मिळालं ते पाहा. त्याला दार मिळालं आणि वेळ मिळाला. चेंडू त्याने स्वतः मारले. आणखी एक गंमत अशी, की पियाझा ‘वाईट कॅचर’ म्हणूनच आयुष्यभर ओळखला गेला, कारण त्याच्यासमोर बेस फार चोरले जात. अनेक वर्षांनी आकडेतज्ज्ञांनी जुन्या नोंदी उकरल्या, तेव्हा त्याच्यासोबत पिचर चांगली कामगिरी करत होते आणि चेंडू पकडण्यात तो बराच वरचा होता, असं दिसून आलं. खेळताना त्याचा जो दोष सगळ्यांना दिसला तो खरा होता, पण लहान होता. गुण मोठा होता आणि तो दिसतच नव्हता.

आकडे आले

२००२ साली ओकलंड अॅथलेटिक्स या गरीब संघाने ठरवलं, की स्काउटांच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही. मायकल लुईसच्या ‘मनीबॉल’ या २००३च्या पुस्तकामुळे तो ड्राफ्ट जगप्रसिद्ध झाला. ओकलंडने पस्तिसाव्या क्रमांकावर अलाबामा विद्यापीठाचा कॅचर जेरेमी ब्राउन घेतला. बाकीच्या संघांना त्याचं वजन खटकत होतं. ओकलंडला त्याच्या बॅटिंगचे आकडे आवडले, विशेषतः वाईट चेंडू सोडून देऊन फुकटचा बेस मिळवण्याचं त्याचं कसब. योगी बेराला ज्या नजरेने नाकारलं, त्या नजरेवर हा सूडच होता म्हणा ना.

ब्राउन मेजर लीगमध्ये पोचला. २००६ साली पाच सामने खेळला, दहा प्रयत्नांत तीन हिट मारले, आणि २००८ साली त्याने खेळ सोडला.

त्याच ड्राफ्टमध्ये चौसष्टाव्या क्रमांकावर अटलांटाने जॉर्जिया राज्यातला एक शाळकरी कॅचर उचलला. ब्रायन मॅकॅन. शाळकरी मुलांवर ओकलंडचा विश्वास नव्हता, कारण त्यांचे आकडे भरवशाचे नसतात. मॅकॅन तीन वर्षांत मेजर लीगमध्ये आला आणि सात वेळा ऑल-स्टार झाला. म्हणजे डोळेवाले आणि आकडेवाले यांच्यातलं भांडण त्या वर्षी तरी डोळेवाल्यांनी जिंकलं. पण खरी गोष्ट यापुढेच आहे. मॅकॅनचा एक मोठा गुण तेव्हा दोन्ही बाजूंच्या वह्यांत नव्हता, कारण तो मोजायची सोयच झाली नव्हती.

होम प्लेट सतरा इंच रुंद असते. तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली चेंडू गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. अगदी कडेवरचा चेंडू अंपायरने नुसत्या नजरेने ठरवायचा. तिथे कॅचरने ग्लव्ह शांतपणे, जराही हिसका न देता आत आणला तर अंपायरला तो स्ट्राइक वाटतो. याला ‘फ्रेमिंग’ म्हणतात. जुन्या कॅचरांना ही कला ठाऊक होती. पण तिची किंमत किती? एका बॉलचा स्ट्राइक केला तर धावेचा साधारण आठवा हिस्सा वाचतो. अगदीच किरकोळ. पण सामन्यात दीडशे चेंडू आणि हंगामात शंभराहून जास्त सामने.

२००८पर्यंत सर्व मेजर लीग मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे बसले. २०११ साली माइक फास्ट या अभ्यासकाने त्या नोंदी वापरून फ्रेमिंगचा हिशोब मांडला. उत्तम आणि वाईट कॅचर यांच्यात हंगामाला कित्येक डझन धावांचा फरक निघाला. दहा धावा म्हणजे साधारण एक विजय, असा या खेळातला ठोकताळा आहे. म्हणजे जी गोष्ट कोणाच्या हिशोबातच नव्हती, तिच्यावर हंगामाचं पारडं फिरत होतं. यादीत वरती नाव होतं होजे मोलिनाचं. पोर्तो रिकोच्या तीन कॅचर भावांपैकी हा मधला. वय छत्तीस, बॅटिंग जेमतेम, धावण्याबद्दल न बोललेलं बरं. टँपा बेने त्याला लगेच २०१२च्या हंगामासाठी घेतलं. फास्टलाही ह्यूस्टन अॅस्ट्रोजने नोकरीवर घेतलं.

मग मायनर लीगमधलं चित्र बदललं. पोरांना एक गुडघा जमिनीला टेकवून बसायला शिकवलं गेलं, म्हणजे खालचा चेंडू अलगद वर आणता येतो. कमरेइतक्या उंचीची एक पूर्ण पिढी याच शिकवणीत वाढली. ज्याचे हात मऊ, त्याची बॅटिंग कच्ची असली तरी तो वर सरकू लागला. ज्याचे हात हिसकणारे, तो बॅटिंग चांगली असूनही पहिल्या बेसकडे ढकलला गेला.

पुन्हा नवी पट्टी

आणि आता ती पट्टीही बदलते आहे. २०२६च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शाबूत राहतं. आव्हान फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरनेच द्यायचं, तेही लगेच, डोक्याला हात लावून. आपल्याकडच्या डीआरएससारखंच, फक्त कोणाला विचारायला सवड नाही. ट्रिपल-एमधल्या मुलांना याची सवय आधीच झाली होती.

यामुळे फ्रेमिंग संपणार नाही, पण त्याची किंमत उतरेल. फसवून मिळवलेला स्ट्राइक समोरचा संघ परत मागू शकतो. उलट एक नवं कौशल्य वर येतं आहे. कुठल्या चेंडूला आव्हान द्यायचं आणि कधी गप्प बसायचं हे ओळखणं. २०२५च्या सराव सामन्यांत कॅचरांची आव्हानं बॅटर आणि पिचर यांच्यापेक्षा जास्त वेळा बरोबर ठरली. साहजिकच आहे. ती चौकट त्यांच्याइतकी कोणी पाहिलेली नसते.

पण दहाव्या वर्षापासून एका गुडघ्यावर बसून मऊ हात कमावलेल्या मुलाचा विचार करा. आज तो वीस वर्षांचा आहे आणि डबल-एमध्ये आहे. त्याचं काही चुकलेलं नाही. शिकवलं ते तो शिकला. तो पायऱ्या चढत असताना वरच्या मजल्यावर कोणीतरी भाव बदलला.

त्यातच जागा कमी होत आहेत. २०२१पासून मेजर लीगशी जोडलेले मायनर लीग संघ १६०वरून १२०वर आले. ड्राफ्टच्या फेऱ्या चाळीस होत्या, आता वीस आहेत. मुलांची परिस्थिती काही बाबतींत सुधारली, हेही खरं. २०२२ साली मायनर लीगचे खेळाडू संघटित झाले, आणि २०२३च्या पहिल्या सामूहिक करारात ट्रिपल-एचा वर्षाचा किमान पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेला. मोजक्या मुलांना आता जास्त मिळतं. बाकीच्यांना दारच नाही.

मग बघायचं काय?

मी स्काउट नाही. तरी इतका इतिहास वाचल्यावर काही गोष्टी मी बघतो. पहिली, वय. डबल-एमधला वीस वर्षांचा आणि चोवीस वर्षांचा कॅचर, दोघांचे आकडे सारखे असले तरी मुलगे सारखे नसतात. दुसरी, तो कुठले चेंडू सोडतो. वाईट चेंडूला बॅट न लावणं ही नजर आहे, आणि ती नजर त्याला प्लेटच्या मागे बसल्यावरही उपयोगी पडते. तिसरी, गेल्या वर्षीच्या मानाने तो कुठे आहे. कॅचर हळू पिकतो, कारण त्याला दोन खेळ शिकायचे असतात. आणि चौथी, त्याच्या संघातल्या पिचरांना कोणासमोर चेंडू टाकायचा असतो. ऑल्स्टनला ते नॅशुआत कळलं होतं.

या चौथ्या गोष्टीचा पुरावा नंतर मिळतो. ब्रूस बोची नऊ हंगाम राखीव कॅचर होता, बॅटिंग सरासरी .२३९. त्याच्या नावापुढे कोणी ८० लिहिले नसते. मॅनेजर म्हणून त्याने चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या. कॅचर झालेल्यांपैकी इतके जण पुढे मॅनेजर होतात, ही नुसती योगायोगाची गोष्ट नाही. स्काउटांच्या वहीत ज्याला रकाना नव्हता, तेच घेऊन ते आयुष्यभर चालले.

आकड्यांशी माझं भांडण नाही. जॉश गिब्सनला न्याय दिला तो शेवटी आकड्यांनीच, आणि पियाझाच्या ग्लव्हची किंमतही त्यांनीच सांगितली. माझी तक्रार घाईबद्दल आहे. मोजणं जसजसं बारीक झालं, तसतशी चूक होण्याची भीती कमी झाली आणि तिच्याबरोबर थांबण्याची तयारीही. योगीला डिकी मिळाला, पियाझाला डॉमिनिकन अकादमी मिळाली, कारण पद्धत ढिली होती आणि कोपऱ्यात एखादा मुलगा चार वर्षं राहिला तर कोणाच्या लक्षात येत नव्हतं. आज येतं. रोज संध्याकाळी त्याचे आकडे वर जातात.

हल्लीचा ड्राफ्ट सहाशेच्या आसपास नावं घेऊन संपतो. त्यानंतर उरलेल्यांना संघ हवं तर फोन करून बोलावू शकतात, आणि काहींना बोलावतातही. पण बासष्टावी फेरी आता नाही. १३९०वं नाव पुकारेपर्यंत त्या खोलीत कोणी बसत नाही.